विश्लेषण : चौकशी अहवालात कायद्याचे तत्त्व कसे उलगडावे? डॉ. आंबेडकरांच्या लेखनातून काय शिकता येते?

विधी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षांत मूट कोर्ट, मसुदालेखन, न्यायालय-भेटींच्या नोंदी असे लेखी काम बरेच असते. विद्यार्थी एखाद्या प्रश्नाची चौकशी करून अहवालही लिहितात. अनेक अहवालांत आधी घटना येते, मग कलमांची जंत्री आणि शेवटी शिफारशी. घटनेत कोणते तत्त्व मोडले गेले, आणि कायदा मोडला गेला नसेल तर कायद्यातच कुठे फट आहे, हे मधले पान कोरे राहते. ते कसे लिहावे, याचे उत्तम उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९२८ ते १९३० या काळातील कामात सापडते.

कायद्याचे शिक्षक आंबेडकर...

राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेब सर्वांना ठाऊक आहेत, कायद्याचे शिक्षक म्हणून त्या मानाने कमी. १८९१ मध्ये महू येथे जन्म, मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण, पुढे कोलंबिया आणि लंडन. सिडनहॅम महाविद्यालयात ते १९१८ पासून अर्थशास्त्र शिकवत होते. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, पण पक्षकारांची रीघ लागली नाही. म्हणून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवू लागले. वकील न होणाऱ्यांना कायदा शिकवायचा म्हणजे कलमाचा आकडा सांगून भागत नाही, त्यामागचा हेतू साध्या भाषेत सांगावा लागतो. ही सवय त्यांच्या पुढच्या लेखनात दिसते, असे मानायला जागा आहे.

जून १९२८ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तिथे वर्षभरही राहिले नाहीत. १९३५ मध्ये त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून परतले आणि १९३८ पर्यंत त्या पदावर होते. कायद्याच्या शिक्षणात काय सुधारावे, यावर त्यांनी १९३६ मध्ये महाविद्यालयाच्या नियतकालिकात लेखही लिहिला.

स्टार्ट समिती कशासाठी होती?

नोव्हेंबर १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी समाजांच्या शैक्षणिक, आर्थिक आणि सामाजिक स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते सनदी अधिकारी स्टार्ट. सदस्यांत डॉ. आंबेडकर, डॉ. सोळंकी आणि ठक्करबाप्पा होते. अहवाल मार्च १९३० मध्ये आला.

पार्श्वभूमी लक्षात घ्यायला हवी. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच संमत केला होता. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला. म्हणजे कागदावर हक्क होता. तरी तो बजावायला गेलेल्या माणसाचे गावात काय होत असे, हा खरा चौकशीचा विषय होता.

चाळीसगावला काय घडले?

ऑक्टोबर १९२९. खानदेशातील दौरा आटोपून बाबासाहेब मुंबईकडे निघाले होते. धुळ्याच्या फाट्यावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकल्याची तक्रार होती. तिची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावला उतरले, त्या गावी जाऊन आले आणि स्थानिकांच्या आग्रहामुळे रात्री चाळीसगावीच थांबले. महारवाडा स्थानकापासून सुमारे दोन मैलांवर, चालत जाता येईल इतका, पण टांगा यायला तासभर लागला. तो निघाला आणि थोड्याच अंतरावर मोटारीला धडकता धडकता वाचला. पुढे नदीवरच्या, कठडा नसलेल्या फरशीवर चाक अडकले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत पडले.

खरे कारण नंतर कळले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. टांगा भाड्याने द्यायला मात्र हरकत नव्हती. पाहुण्याने पायी जाणे वस्तीतल्या लोकांना कमीपणाचे वाटले, म्हणून त्यांच्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. बहिष्काराची चौकशी करायला आलेला सरकारी समितीचा सदस्य स्वतःच त्याचा अनुभव घेऊन अंथरुणाला खिळला. हा प्रसंग त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिला, तोही रागाचा एक शब्द न वाढवता, वस्तुस्थितीच्या क्रमाने.

बहिष्कार गुन्हा का नव्हता?

इथेच अहवाल लिहिणाऱ्याची कसोटी लागते. वाण्याने मीठ-मिरची दिली नाही, जमीनमालकाने कूळ काढले, शेतकऱ्याने मजुरीला बोलावले नाही. यांतील एकेक कृती वेगळी काढून पाहिली तर त्या वेळच्या दंडसंहितेत ती बसत नाही. कोणाशी व्यवहार करायचा हे ठरवायला माणूस मोकळा आहे, हे कायद्याचे जुने तत्त्व. धमकीचे कलमही उपयोगी पडत नाही, कारण तिथे इजा म्हणजे बेकायदा पोहोचवलेली इजा. व्यवहार नाकारणे बेकायदा नसेल, तर ते नाकारण्याची धमकीही गुन्हा ठरत नाही. पोलिसांकडे जाऊन उपयोग काय?

समितीने या कोंडीची कारणे मांडली. अस्पृश्य संख्येने थोडे, पोटासाठी गावावर अवलंबून. त्यामुळे बहिष्कार हे मारहाणीपेक्षाही परिणामकारक हत्यार ठरते. निमित्तही क्षुल्लक पुरे होई : सार्वजनिक विहिरीवर पाणी भरले, जमीन घेतली, चांगले कपडे घातले, नवरदेवाची घोड्यावरून वरात काढली.

तत्त्व कसे मांडले?

१९३० च्या अखेरीस गोलमेज परिषदेच्या अल्पसंख्याक उपसमितीला डॉ. आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी निवेदन दिले. त्यात समितीच्या अहवालातील बहिष्काराचा उतारा पुरावा म्हणून आहे आणि लगेच पुढे कायद्याचा मसुदा आहे. घर किंवा जमीन न देणे, व्यवहार न करणे, मजुरीवर न ठेवणे, सेवा न देणे वा न घेणे, किंवा नेहमीच्या अटींवर यांतले काही करण्यास नकार देणे म्हणजे बहिष्कार, अशी व्याख्या त्यांनी दिली. पण एवढ्याने गुन्हा होत नाही. समोरच्याने कायद्याने मोकळीक असलेली गोष्ट केली म्हणून, किंवा बंधन नसलेली गोष्ट त्याने करावी म्हणून बहिष्कार टाकला, तर गुन्हा. बहिष्काराला चिथावणी देणे आणि तशी धमकी देणे हेही वेगळे गुन्हे. प्रामाणिक कामगार तंटा आणि नेहमीची व्यापारी स्पर्धा यांना सूट.

विद्यार्थ्यांनी या सुटीवर जरा थांबावे. व्यवहार नाकारण्याचे स्वातंत्र्य मोडीत न काढता, दुसऱ्याचा हक्क दाबण्यासाठी त्याचा वापर कुठे सुरू होतो, ती रेघ इथे ओढली आहे. संपकरी कामगार आणि विहीर बंद करणारे गाव यांत फरक काय, याचे उत्तर हेतूच्या अटीत आणि या सुटीत मिळून आहे.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. हा मसुदा आपण ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून, गरजेपुरते बदल करून घेतला, हे निवेदनातच नोंदवले आहे. सरकारने एके ठिकाणी केलेला कायदा दुसरीकडे का नको, हा युक्तिवाद त्यामुळे आपोआप उभा राहिला.

पुढे काय झाले?

त्या वेळी मागणी मान्य झाली नाही. घटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ मध्ये अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आला. त्याच्या कलम ७ च्या स्पष्टीकरणात बहिष्काराची जी व्याख्या आहे, तिची बांधणी १९३० च्या निवेदनाशी उघडपणे जुळते. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने केलेला स्वतंत्र कायदा जुलै २०१७ मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे.

शेवटच्या वर्षाच्या वर्गात १९३० चे निवेदन आणि १९५५ चे कलम ७ शेजारी ठेवून वाचायला द्यावेत. निवेदनात ‘सेवा’ एवढाच शब्द आहे, १९५५ च्या कायद्यात ‘रूढ सेवा’ असा. त्या एका विशेषणाने कोणाचे संरक्षण वाढले आणि कोणाचे आक्रसले, यावर दोन पाने लिहायला सांगावे.