वादळाची आगाऊ वर्दी

अलिबागहून मुरूडकडे जाताना वाटेत काशीद हे गाव लागते. शुभ्र वाळूचा विस्तीर्ण किनारा आणि त्याच्या कडेची सुरूची झाडे यांबद्दल त्याची ख्याती आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस याच किनाऱ्यावर येऊन थडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यापुढे सुरूची झाडे उन्मळून पडली, घरांची छपरे उडाली. परंतु ते वादळ अवचित आले नव्हते. समुद्रावरील नौकांना परत फिरण्याची सूचना आधीच मिळाली होती आणि बंदरांना धोक्याचे इशारे पोहोचले होते. तीन नंबरचा बावटा लागला की होडी पाण्यात लोटू नये, हे कोकणातील लहान मुलासही ठाऊक असते. बावटा म्हणावयाचा, पण तो कापडाचा नसतो. दिवसा उंच खांबावर शंकू आणि नळकांडी चढवावयाची व रात्री दिवे टांगावयाचे, अशी ही खूण असते. ही योजना ज्याने प्रथम अमलात आणिली, त्या पुरुषाचे नाव रॉबर्ट फिट्झरॉय.

फिट्झरॉय याचा जन्म ५ जुलै १८०५ रोजी इंग्लंडमधील सफोक परगण्यात एका उमराव घराण्यात झाला. बाराव्या वर्षी तो आरमारी विद्यालयात दाखल झाला आणि अवघ्या तेविसाव्या वर्षी ‘बीगल’ नावाच्या जहाजाचा कप्तान झाला. या जहाजाकडे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची मोजणी करण्याचे काम होते. १८२९ च्या जानेवारीत ला प्लाटा नदीच्या मुखाजवळ त्या प्रदेशातील कुप्रसिद्ध झंझावाताने जहाजाला गाठले. डोलकाठ्या मोडल्या आणि दोन खलाशी समुद्रात पडून बुडाले. त्यापूर्वी वायुभारमापकातील पारा झपाट्याने उतरत होता. तरुण कप्तानाने त्याकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. हा दोष त्याने स्वतःकडेच घेतला, आणि ती दोन माणसे तो जन्मभर विसरला नाही असे त्याच्या पुढील आयुष्यावरून वाटते.

हा पारा काय सांगतो? हवेलाही वजन असते. त्या वजनाच्या दाबाने काचेच्या नळीतील पारा वर उभा राहतो. एखाद्या ठिकाणी हवेचा दाब एकाएकी कमी झाला, म्हणजे पारा खाली येतो आणि सभोवारची हवा त्या दिशेने धावू लागते. म्हणून पारा वेगाने उतरला की शहाण्या नावाड्याने शिडे आवरावी.

बीगलची पुढील सफर १८३१ पासून १८३६ पर्यंत चालली. चार्ल्स डार्विन हा सृष्टिशास्त्रज्ञ तीत फिट्झरॉयचा सोबती होता आणि त्यामुळे ती जगप्रसिद्ध झाली. पुढे काही काळ फिट्झरॉय न्यूझीलंडचा गव्हर्नर होता. ते काम त्याला लाभले नाही आणि त्याला परत बोलाविण्यात आले.

त्याचे खरे कार्य १८५४ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने हवामानाचे एक लहानसे खाते काढले आणि ते त्याच्या हाती दिले. जहाजांकडून आलेल्या नोंदी गोळा करून त्यांचे तक्ते करावयाचे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते. परंतु कोष्टके भरून बुडणारी माणसे वाचत नाहीत, हे तो जाणत होता. कोळ्यांच्या गरीब वस्त्यांना त्याने सरकारकडून वायुभारमापक देवविले व त्यांचा अर्थ साध्या शब्दांत समजावून दिला.

२६ ऑक्टोबर १८५९ रोजी ऑस्ट्रेलियाहून सोने आणि उतारू घेऊन येणारे ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या खडकांवर आपटून फुटले. घर अगदी जवळ आले असता चारशेंहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्याच तुफानात आणखी शेकडो प्राण गेले. फिट्झरॉयने निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी जुळवून दाखविले, की हे वादळ एका बाजूने दुसरीकडे सरकत गेले होते. वादळ कितीही वेगाने धावले, तरी तारायंत्राचा संदेश त्याच्या पुढेच पोहोचणार! मग किनाऱ्यावर ठिकठिकाणी निरीक्षक नेमून त्यांच्या तारा रोज लंडनला का मागवू नयेत? १८६१ च्या फेब्रुवारीत बंदरांना धोक्याच्या सूचना जाऊ लागल्या आणि १ ऑगस्टपासून वृत्तपत्रात हवेचे अंदाज छापले जाऊ लागले. ‘अंदाज’ या अर्थाचा शब्द त्याने जाणूनबुजून निवडला. ग्रहांवरून हवा सांगणाऱ्या ज्योतिष्यांची पंचांगे त्या काळी तिकडेही भरपूर खपत असत, आणि आपले काम त्या पंक्तीत बसू नये अशी त्याची दक्षता होती.

अंदाज चुकतही. चुकला की वृत्तपत्रे थट्टा करीत. बरोबर ठरला तर कोणी बोलत नसे. मासेमारी नौकांच्या काही मालकांना तर हा मनुष्य नकोसाच झाला, कारण शंकू चढला की खलाशी नौका हाकारीत नसत आणि दिवसाची कमाई बुडे. शास्त्रज्ञही म्हणत, की या अंदाजांना सिद्धांताचा पाया नाही. त्या आक्षेपात तथ्य होते; पण पाया पुरा होईपर्यंत समुद्र थांबणार नव्हता. अतिश्रम, टीका, कर्ज आणि ढासळते मन यांच्या भाराखाली ३० एप्रिल १८६५ रोजी फिट्झरॉयने आपल्या हातांनीच आपल्या जीविताचा अंत केला. सार्वजनिक कामांत त्याने आपली संपत्ती खर्चून टाकिली होती. कुटुंबासाठी मित्रांनी वर्गणी जमविली, तेव्हा मतभेद विसरून डार्विनने शंभर पौंड दिले.

पुढच्याच वर्षी एका चौकशी समितीच्या अहवालानंतर धोक्याच्या सूचना बंद पडल्या. तेव्हा बंदराबंदरांतून तक्रारी उठल्या. नावाड्यांना ते शंकू परत हवे होते. थोड्याच अवधीत सूचना पुन्हा सुरू झाल्या.

इकडे १८६४ च्या चक्रीवादळात कलकत्त्याकडे हजारो माणसे दगावली. त्यानंतर १८६५ मध्ये त्या बंदराला वादळाची वर्दी देण्याची व्यवस्था झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि १८८० मध्ये मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ले या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांनाही इशारे मिळू लागले.

ब्रिटनच्या नभोवाणीवरून नाविकांसाठी सागरी विभागवार हवेचा अंदाज सांगितला जातो. त्यांतील एका विभागाला २००२ मध्ये फिट्झरॉयचे नाव देण्यात आले.