इतिहाससंशोधक फादर हेरास

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजची स्थापना १८६९ साली जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी केली. पहिल्या महायुद्धात जर्मनी हा इंग्रजांचा शत्रू ठरला आणि या गुरुजनांना हिंदुस्थान सोडावा लागला. त्यांचे कार्य पुढे स्पेनमधील जेझुइटांनी हाती घेतले. १९२२ साली मुंबईस आलेले फादर हेन्री हेरास हे त्यांपैकीच एक होत. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८८८ रोजी बार्सिलोना येथे झाला होता.

आपण कोणता इतिहास शिकविणार, असे प्राचार्यांनी विचारताच हेरास यांनी हिंदुस्थानचा, असे सांगितले. त्याविषयी आपणांस काय ठाऊक आहे, या प्रश्नाला, काहीच नाही, असे प्रांजळ उत्तर मिळाले. मात्र आपण तो शिकून घेऊ, अशी पुस्तीही त्यांनी जोडली, असे सांगतात. चौतिशीत परक्या देशाचा इतिहास मुळापासून शिकावयाचा, ही काही सोपी गोष्ट नव्हे. परंतु पाचच वर्षांत, १९२७ साली, विजयनगरच्या आरवीडु घराण्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तत्पूर्वी १९२६ साली त्यांनी कॉलेजात इतिहाससंशोधन संस्था स्थापन केली होती. छापील पुस्तकांतून टिपणे काढून विद्यार्थी इतिहासकार होत नाही. त्याने शिलालेख, ताम्रपट, नाणी व जुनी कागदपत्रे स्वतः तपासली पाहिजेत, असा त्यांचा कटाक्ष असे. हसमुख सांकलिया यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. कळंब्याहून कोल्हापूर शहर ओलांडून पंचगंगेच्या तीरी गेले म्हणजे ब्रह्मपुरीची टेकडी लागते. तेथे १९४५-४६ साली उत्खनन करून सातवाहनकालीन वसतीचे अवशेष उजेडात आणणाऱ्या संशोधकांत हे सांकलिया प्रमुख होते. गुरूची शिस्त अशी करवीरच्या मातीपर्यंत पोहोचली.

धर्माने ख्रिस्ती असलेल्या माणसाने आपल्या देशाची कला परकी मानू नये, असे हेरास यांना वाटे. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी मेरीमातेला साडी नेसविली, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. हेरास यांनी मात्र त्यांना उत्तेजनच दिले.

मोहेंजोदडोच्या मुद्रांनी त्यांना सर्वांत अधिक वेड लावले. त्यांवरील लिपी कोणालाच वाचता येत नव्हती. तिच्यामागची भाषा द्राविडी असावी, असे हेरास यांनी मानले. त्या मुद्रांवर माशाचे चिन्ह वारंवार येते. तमिळ भाषेत मासा आणि तारा या दोहोंसही ‘मीन’ म्हणतात. तेव्हा चित्र माशाचे असले, तरी अर्थ ताऱ्याचा असू शकेल, हा तर्क त्यांनी मांडला. कित्येक वर्षांच्या परिश्रमानंतर १९५३ साली त्यांचा याविषयीचा मोठा ग्रंथ बाहेर पडला. विद्वानांनी त्यांचे वाचन मान्य केले नाही. त्यांच्या उत्साहाने पुराव्याची मर्यादा ओलांडली होती, हे खरे. तथापि माशाविषयीचा तो तर्क पुढील संशोधकांनी टाकून दिला नाही. त्याचाच धागा धरून फिनलंडचे आस्को पार्पोला यांनी आपले संशोधन पुढे नेले. ती लिपी मात्र आजही निर्विवादपणे वाचली गेलेली नाही.

१४ डिसेंबर १९५५ रोजी फादर हेरास यांचे निधन झाले. त्यांची संस्था पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली, आणि १९८१ साली भारतीय डाकखात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.