हलक्या तारेचे जनक : डॉ. रेमंड बेग

दातांना तारा लावलेला एखादा विद्यार्थी आज बहुतेक शाळांत आढळतो. हसू आले की तो चटकन ओठांवर हात धरतो. बेळगावात १९८५ साली के. एल. ई. संस्थेचे दंतमहाविद्यालय निघाले आणि पिरनवाडीसारख्या गावांतील मुलांनाही हा उपचार जवळ झाला. परंतु ह्या तारेच्या इतिहासात, गुरूने दिलेले साधन हाती घेऊन गुरूच्याच मताविरुद्ध गेलेल्या एका शिष्याचे चरित्र दडलेले आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

पर्सी रेमंड बेग ह्यांचा जन्म १८९८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील कूलगार्डी ह्या सोन्याच्या खाणींच्या गावी झाला. मेलबर्न विद्यापीठात दंतवैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून ते अमेरिकेस गेले. वाकडे दात सरळ करण्याच्या आधुनिक शास्त्राचे जनक मानले गेलेले एडवर्ड अँगल त्या वेळी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे निवडक शिष्यांना शिकवीत असत. बेग १९२४-२५ च्या सुमारास त्यांच्यापाशी राहून शिकले. ह्याच काळात अँगल आपली अखेरची रचना सिद्ध करीत होते. प्रत्येक दातावर धातूचे एक चिमुकले ब्रॅकेट, त्यात चौकोनी खाच आणि त्या खाचेत बसणारी चौकोनी तार, अशी ती रचना होती. तार खाचेत घट्ट बसत असल्यामुळे दाताचे मूळही हवे तसे वळविता येई.

अँगल ह्यांचा एक सिद्धान्त मात्र अढळ होता. निसर्गाने दिलेला एकही दात काढावयाचा नाही. दंतपंक्तीची कमान रुंदावून सर्वांना जागा करून द्यावयाची. हाच सिद्धान्त घेऊन बेग ॲडिलेडला परतले व त्यांनी व्यवसाय सुरू केला. थोड्याच वर्षांत त्यांच्या ध्यानी आले, की काही मुलांचे दात रांगेत येतात खरे, पण तोंड पुढे आल्यासारखे दिसते. काहींचे दात तर तारा काढताच पुन्हा वाकडे होतात. आता गुरूचे वचन प्रमाण मानावे की समोरच्या मुलाचा चेहरा? १९२८ च्या सुमारास बेग ह्यांनी दाटीच्या तोंडातील काही दात, बहुधा उपदाढा, काढून उपचार करण्यास प्रारंभ केला. अँगल त्या वेळी हयात होते. त्यांचे निधन १९३० साली झाले.

दात काढल्याने दाटीचा प्रश्न सुटला. परंतु घर्षणाचा प्रश्न पुढे उभा राहिला. उपदाढ काढल्यावर सुमारे ७ मिलिमीटरची फट पडते. ती बुजविण्यासाठी पुढचे दात तारेच्या आधाराने मागे सरकवावे लागतात. मेजाचा खण एकाच कोपऱ्याला धरून ओढला, तर तो तिरका होऊन अडकतो. दाताचेही तसेच होते. तो किंचित कलला की खाचेच्या कडा तारेत रुततात. ह्या अडथळ्यावर मात करण्यासाठी अधिक जोर लावावा, तर न्यूटनचा तिसरा नियम आड येतो. ज्या दाढांच्या आधाराने पुढचे दात ओढावयाचे, त्या दाढाच पुढे खेचल्या जातात आणि फट भलत्याच बाजूने बुजते.

बेग ह्यांनी जोर वाढविण्याऐवजी अडथळा कमी करण्याचे ठरविले. अँगल ह्यांचेच एक जुने ब्रॅकेट त्यांनी घेतले, ते उलटे बसविले आणि त्यात बारीक गोल तार सैल ठेवली. तारेचा स्पर्श अगदी थोड्या जागी होई. त्यामुळे दात प्रथम मोकळेपणी कलत कलत जागेवर येई आणि मग लहान स्प्रिंगांच्या साहाय्याने त्याचे मूळ सरळ केले जाई. ह्यासाठी तार बारीक, तरीही चिवट हवी होती. आर्थर विल्कॉक ह्या ऑस्ट्रेलियन धातुतज्ज्ञाने पुढे बेग ह्यांच्यासाठी स्टेनलेस स्टीलची तशी तार तयार केली. तिची जाडी अवघी ०.४ मिलिमीटर होती! १९५४ व १९५६ साली बेग ह्यांनी आपले विचार लेखांतून मांडले. त्यानंतर त्यांची पद्धती जगभर गेली आणि भारतातील दंतमहाविद्यालयांतही ती कित्येक वर्षे शिकविली गेली. १९८३ साली बेग निवर्तले.

बेग ह्यांचेही सर्वच विचार काळाच्या कसोटीस उतरले नाहीत. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या प्राचीन कवट्यांचा त्यांनी अभ्यास केला होता. भरड अन्नाने दात झिजत व त्यामुळे जागा होई. मऊ अन्नाने ती झीज थांबली, म्हणून आज दाटी होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दाटीचे हेच प्रमुख कारण असे आजचे शास्त्र मानीत नाही. त्यांच्या पद्धतीत दाताचे मूळ शेवटी अचूक उभे करणे कठीण जाई. म्हणून चौकोनी खाच पुन्हा प्रचारात आली. मात्र प्रारंभी बारीक गोल तार व हलका जोर वापरण्याची रीत कायम राहिली. आज काही ब्रॅकेटांत तार बांधून न टाकता चिमुकल्या झडपेने राखतात, तीही घर्षण कमी व्हावे म्हणूनच. तरी घर्षण सर्वस्वी शत्रू नव्हे. चोर्ला घाट उतरताना गाडीचा ब्रेक घर्षणावरच चालतो. त्याचप्रमाणे उपचाराच्या अखेरीस दात जागेवर पक्का धरण्यास तारेची पकड लागतेच.

मित्रहो, ह्या चरित्रात गुरूही मोठे आहेत आणि शिष्यही. अँगल ह्यांच्या ब्रॅकेटावाचून बेग ह्यांची पद्धती उभी राहिली नसती. आणि अनुभवाला सामोरे जाण्याचे बेग ह्यांचे धैर्य नसते, तर कित्येक मुलांचे दात पुन्हा वाकडे झाले असते. शिक्षकाने सांगितलेले मन लावून शिकावे आणि एके दिवशी ते प्रत्यक्षाशी ताडूनही पाहावे. ताडून पाहताना शिक्षकाची चूक आढळली, तर शिक्षकाचा मान कमी होत नाही; त्याचे शिकविणे सार्थकी लागते. आणि तारा लावलेल्या आपल्या सोबत्यास कोणी हसू नये. त्याच्या तोंडात एका थोर प्रयोगाचा वारसा आहे. त्याने खुशाल मोकळेपणी हसावे!