क्रमिक पुस्तकांतील अत्रे

प्रल्हाद केशव अत्रे हे नाव उच्चारताच तुम्हांला नाटककार, वक्ते, 'झेंडूची फुले'चे विडंबनकार किंवा संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील झुंजार संपादक आठवतील. येथे आपण पाहणार आहोत ते शिक्षक अत्रे. लहान मुलाला वाचलेले कळावे आणि आणखी वाचावेसे वाटावे, यासाठी त्यांनी केलेले काम वाङ्मयाच्या इतिहासात सहसा एका वाक्यात उरकले जाते. ते अन्यायाचे आहे.

अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, सासवडजवळच्या कोडीत या गावी झाला. कऱ्हेकाठच्या या मुलखाचे ऋण त्यांनी आत्मचरित्राच्या नावातच नोंदवून ठेवले. पुण्यात पदवी घेतल्यावर ते शिक्षकी पेशात शिरले. लष्कर भागातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते दीर्घकाळ मुख्याध्यापक होते. मध्यंतरी लंडनला जाऊन १९२८ मध्ये त्यांनी अध्यापनाची टी. डी. ही पदविका मिळवली.

परतल्यानंतर त्यांनी हाती घेतलेली 'नवयुग वाचनमाला' समजून घ्यायची, तर आधीची स्थिती ध्यानात घ्यायला हवी. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तके तयार झाली. त्यांनी गद्याला शिस्त लावली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्या परंपरेत धडा हा बहुधा उपदेशासाठी असे आणि भाषा प्रौढांची असे. मूल अक्षरे खणखणीत वाचून दाखवी. अर्थ मात्र शिक्षकाने सांगायचा आणि त्याने पाठ करायचा. अत्रे यांनी या क्रमालाच हात घातला. धड्यातील वाक्य मुलाच्या तोंडी शोभेल असे हवे, प्रसंग त्याच्या घरातला हवा आणि हसू हे आकलनानंतरचे बक्षीस नसून आकलनाचीच वाट आहे, अशी त्यांच्या धड्यांची घडण आहे.

'दिनूचे बिल' हा धडा पाहा. घरातली कामे केल्याबद्दल दिनू आईकडे पैशांचे बिल देतो. आईही त्याला आपले बिल देते आणि ते वाचून दिनू विरघळतो. मातृप्रेमावर निबंध लिहिणे सोपे होते. येथे मात्र दोन कागद शेजारी ठेवून पाहण्याचे काम मुलाकडे येते. ज्याला ही तुलना साधली, त्याला धडा कळला. वेगळी प्रश्नावली विचारली नाही तरी चालेल.

तथापि या धड्याची एक मर्यादाही तुम्ही नोंदवावी. बिल ही वस्तू शहरी, मध्यमवर्गीय घरातली आहे. तुमच्यापैकी जे जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात शिकवत असतील, त्यांच्या वर्गात हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांतील मुले बसतात. त्यांना कामाचा मोबदला चांगला ठाऊक असतो, पण तो हिरड्याच्या वजनावर ठरतो, हे त्यांनी पाहिलेले असते. तेथे दिनूच्या हातातील कागदाआधी तराजूची गोष्ट निघाली, तर अत्रे यांच्याच पद्धतीला धरून होईल. उलट केशवकुमार या नावाने त्यांनी लिहिलेल्या 'आजीचे घड्याळ' या कवितेला अशी पूर्वतयारी फारशी लागत नाही. कुणाला दिसत नाही अशा घड्याळावर वेळ सांगणारी ती आजी भीमाशंकरच्या पायथ्याच्या वाडीतही सापडेल. मुलांना आपापल्या आजीचे घड्याळ सांगू द्या. कवितेतील बराचसा अर्थ तेथेच उलगडतो.

पुढे अत्रे शाळेपासून दूर गेले. १९३३ च्या 'साष्टांग नमस्कार' या नाटकाने रंगभूमीने त्यांना ओढून घेतले, १९४० मध्ये 'नवयुग' साप्ताहिक आणि १९५६ मध्ये 'मराठा' दैनिक निघाले. मुलांच्या भावविश्वाशी असलेले नाते मात्र सुटले नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वर त्यांनी काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. १३ जून १९६९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या राजकीय वादांतील प्रतिपक्षी कोण होते, हे आज अनेकांना टिपा पाहूनच कळते. दिनूची गोष्ट मात्र त्या काळी शाळेत असलेल्या कोणत्याही वृद्धाला विचारा, तो पुस्तक न उघडता सांगेल.