बिलुंडचा सुतार आणि त्याची वीट

पोळा जवळ आला की गंगाखेडच्या बाजारात मातीचे बैल विकायला येतात. ते घ्यायचे असतात घरातल्या पोरांसाठी. पण जरा लक्ष देऊन पाहा, बैलजोडी पारखत उभा असतो तो घरातला मोठा माणूस. दोन्हींची शिंगं सारखी आहेत का, वशिंड नीट उठलंय का, हे तो हातात घेऊन, फिरवून फिरवून बघतो. पोरगं केव्हाच दुसरीकडे पळालेलं असतं. खेळणं मुलांचं, असं आपण म्हणतो खरं, पण खेळण्याची ओढ वयाबरोबर संपते असं काही दिसत नाही.

अलीकडे ही ओढ लपवायचंही कारण राहिलेलं नाही. लेगोच्या रंगीत प्लास्टिक विटा जोडून इमारती, आगगाड्या, जहाजं उभी करणारी आणि त्यांचे संच जमवून ठेवणारी चाळिशी-पन्नाशीची माणसं आता जगभर आहेत. २००८ मध्ये या कंपनीनं ताजमहालाचा संच काढला, त्यात जवळपास ६,००० तुकडे होते. २०२० पासून तर काही खोक्यांवर १८ वर्षांपुढील व्यक्तींसाठी अशी खूणच असते. तरी अशा माणसाला घरचे आणि शेजारचे एक प्रश्न हमखास विचारतात. याचा उपयोग काय?

गंमत अशी, की ज्या माणसानं हा सारा खेळ मांडला, त्यालाही नेमका हाच प्रश्न ऐकावा लागला होता, आणि तोही सख्ख्या भावंडांकडून. त्याचं नाव ओले कर्क क्रिस्टियान्सेन. धंद्यानं सुतार, गाव बिलुंड, देश डेन्मार्क.

७ एप्रिल १८९१ रोजी जटलंड नावाच्या प्रांतात, रेताड माळाच्या मुलखात एका गरीब शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, जमीन हलकी. लहानपणी मेंढरं राखली, चौदाव्या वर्षाच्या सुमारास थोरल्या भावाच्या हाताखाली रंधा आणि करवत धरली. हात तयार झाल्यावर तो जर्मनीत आणि नॉर्वेत कामाला गेला. नॉर्वेत असतानाच क्रिस्टिनेची ओळख झाली. १९१६ मध्ये साठवलेल्या पैशातून त्यानं बिलुंडमधला सुतारकामाचा एक कारखाना घेतला आणि त्याच वर्षी लग्नही केलं. बिलुंड म्हणजे तेव्हा मोजक्या घरांचं आडबाजूचं खेडं. दारं, खिडक्या, शेतकऱ्यांची घरं, गोठे, अशी कामं तो करी. आपल्याकडचा सुतार तिफण, वखर आणि चौकटी करतो, तसंच.

१९२४ मध्ये पहिला घाव बसला. त्याच्या दोन लहानग्या मुलांनी कारखान्यात लाकडाच्या ढलप्यांना काडी लावली. कारखाना गेला आणि त्याला लागून असलेलं राहतं घरही गेलं. ओले कर्कनं पुन्हा बांधायला घेतलं ते आधीपेक्षा मोठं. आपल्यापुरता भाग ठेवून बाकीचं घर त्यानं भाड्यानं दिलं. पोरांच्या हातून झालेल्या नुकसानीवर कुढत बसण्याऐवजी त्यानं वीट वाढवली, असं म्हणायला हरकत नाही.

पण १९२९ नंतरच्या जागतिक मंदीपुढे कुणाचंच बळ चालत नव्हतं. शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही, म्हणजे सुताराला काम नाही. हे गणित मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. कारागीर कमी करावे लागले. ओले कर्क मग शिड्या, स्टुलं, इस्त्रीच्या फळ्या अशा घरगुती वस्तू करू लागला. मोठी वस्तू करण्याआधी तो तिचा छोटा नमुना करून बघे. त्या इवल्याशा शिड्या आणि स्टुलं बघता बघता त्याच्या मनात खेळण्यांचा विचार आला. १९३२ मध्ये तो लाकडी मोटारी, प्राणी, आगगाड्या करू लागला. त्याच वर्षी क्रिस्टिने वारली. घरात चार मुलगे, त्यातला गॉटफ्रेड बारा वर्षांचा. तो पोरगा वडिलांबरोबर कारखान्यात उभा राहू लागला.

बायको गेलेली, देणेकरी दारात, आणि हा बाप लाकडाची खेळणी करतोय! मुलांचं दुःख हलकं करायला त्यानं खेळणी केली, असं लिहायचा मोह कोणत्याही कादंबरीकाराला होईल. तसं म्हणायला आधार नाही. पण ज्या घरातून आई गेली, त्याच घरात इतर मुलांच्या आनंदाची वस्तू तयार होत होती, एवढं मात्र खरं.

पैशासाठी तो भावंडांकडे गेला. त्यांनी कर्जाला आधार दिला, पण याहून उपयोगाचं काही तुला करता येत नाही का, अशी विचारणाही केली. माझी उभी नोकरी बँकेत गेली. कर्जाच्या अर्जात उद्देश नावाचा एक रकाना असतो. बैल, विहीर, पिठाची गिरणी असं लिहिलं की अधिकाऱ्याची मान आपोआप हलते. मंदीच्या वर्षात एखाद्या विधुर सुतारानं तिथं खेळणी असं लिहिलं असतं, तर बहुतेक टेबलांवरून अर्ज परत गेला असता. भावंडांना तरी दोष कसा द्यावा? त्यांना धंदा पटला नव्हता, माणूस पटला होता. कर्ज अखेर माणसावरच दिलं जातं.

खेळणी खपत, पण रोख पैसा कमी. काही गिऱ्हाइकं मोबदल्यात खाण्याच्या वस्तू देत. आपल्याकडच्या बलुत्याचीच ही रीत. एकदा यो-योची लाट आली आणि तशीच ओसरली. उरलेल्या यो-योंचे ओले कर्कनं दोन भाग केले आणि त्यांची खेळण्यातल्या गाड्यांना चाकं लावली. १९३४ मध्ये धंद्याला नाव हवं म्हणून त्यानं कामगारांत स्पर्धा लावली. बक्षीस काय, तर स्वतः घरी केलेल्या वाइनची बाटली. अखेर स्वतःचंच नाव त्याला पसंत पडलं. डॅनिश भाषेतल्या नीट खेळ या अर्थाच्या दोन शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडून लेगो. त्याच वर्षी त्यानं दुसरं लग्न केलं.

याच काळातली एक हकीकत कंपनीत पुढं पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. गॉटफ्रेडनं लाकडी बदकांचा एक माल तयार केला आणि मोठ्या आनंदानं वडिलांना सांगितलं, की तीन हातांऐवजी दोनच हात रोगण देऊन पैसे वाचवले. वडिलांनी त्याला तडक रेल्वे स्टेशनवर पिटाळलं, माल परत आणायला लावला आणि प्रत्येक बदकाला तिसरा हात एकट्यानं द्यायला लावला. रोगणाचा तिसरा हात गिऱ्हाइकाच्या लक्षातही आला नसता, पण करणाऱ्याला तर ठाऊक होता! पुढे गॉटफ्रेडनंच, सर्वोत्तमापेक्षा कमी काही चालायचं नाही अशा अर्थाचं वडिलांचं ब्रीद लाकडावर कोरून कारखान्यात लावलं.

१९४२ मध्ये, जर्मनांच्या अंमलात डेन्मार्क असताना, कारखाना पुन्हा जळाला. नमुने आणि आराखडे गेले. ओले कर्कचं वय पन्नाशीपलीकडे. आता पुरे, असा विचार त्याच्या मनात आला होता म्हणतात. पण आपल्या भरवशावर असलेल्या कामगारांकडे बघून त्यानं तिसऱ्यांदा पाया खणला.

महायुद्ध संपल्यावर त्यानं केलं ते धाडसच होतं. १९४६ मध्ये त्यानं सुमारे ३०,००० क्रोनर मोजून प्लास्टिक साच्यात ओतायचं यंत्र मागवलं. जन्मभर लाकडाच्या वासात वाढलेल्या माणसानं प्लास्टिकला हात घालावा, हे घरातही सहज पचलं नाही. १९४९ मध्ये एकमेकींवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा बाजारात आल्या. इथं एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. ती कल्पना मुळात ब्रिटनच्या हिलरी फिशर पेजची, त्याच्या किडीक्राफ्टच्या ठोकळ्यांवरून घेतलेली. पेज १९५७ मध्ये वारला. त्याच्या विटेचे हक्क लेगो कंपनीनं विकत घेतले ते १९८१ मध्ये. थोर माणसाच्या चरित्रातही जमाखर्चाच्या दोन्ही बाजू असाव्यात.

सुरुवातीला विटा फारशा खपल्या नाहीत. एकीवर दुसरी बसे, पण पकड ढिली होती. १९५५ मध्ये गॉटफ्रेडनं सगळे संच एकमेकांना जुळतील अशी पद्धत बसवली. ढिलेपणावरचा इलाजही सापडला. विटेच्या पोकळ पोटात नळ्या घातल्या, की खालच्या विटेचे उंचवटे त्यात घट्ट अडकतात, आणि लहान मुलाच्या बोटांनी सुटतातही. २८ जानेवारी १९५८ रोजी या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ११ मार्च १९५८ रोजी, ओले कर्क बिलुंडमध्ये वारला. वय अवघं सहासष्ट. आपली वीट जगभर जाणार आहे, हे पाहायला तो उरला नाही. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांचं गोदाम जळालं आणि कंपनीनं लाकूड कायमचं सोडलं. १९६८ मध्ये बिलुंडला विटांचं अख्खं उद्यान उभं राहिलं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. मोठ्या माणसाला या विटेत काय सापडतं? एक उत्तर गणिताचं आहे. आठ उंचवट्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या, तर त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ तऱ्हांनी जोडता येतात. दुसरं उत्तर कारागिरीचं आहे. साच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकीही चूक चालत नाही, म्हणून तर १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते. आजोबांनी जपलेल्या डब्यातला तुकडा नातवाच्या नव्या घरात चपखल बसावा, असं किती वस्तूंचं होतं?

आणि तिसरं उत्तर आपल्या पुण्यात मिळतं. चष्म्याच्या धंद्यातल्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा साध्या घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्या संग्रहाचं वस्तुसंग्रहालय झालं, आणि आज लोक ते तिकीट काढून पाहतात. छंदाचा उपयोग त्याच्या सुरुवातीला दाखवता येत नाही. तो पुष्कळदा माणूस गेल्यावर इतरांना दिसतो.

म्हणून घरात कुणी प्रौढ माणूस रविवारी सतरंजीवर विटा मांडून बसला असेल, तर त्याला हसू नका. दिवसभर हिशेब, ऊस, कोर्टकचेऱ्या करून दमलेल्या हातांना, चुकलं तर सोडवून पुन्हा जोडता येईल असं काहीतरी लागतं. घर, संसार, नोकरी यांतलं फार थोडं तसं सोडवता येतं. दोनदा राख झालेलं पुन्हा उभं करणाऱ्या सुतारानं, जोडता आणि सोडवता येणारी वस्तू मागं ठेवली. तिचा उपयोग त्याच्या भावंडांना तेव्हा दिसला नाही. आपल्याला दिसायला हरकत नसावी.