विश्लेषण : रासायनिक अभिक्रियेतून थेट वीज कशी वाहते? वॉल्टर शॉट्की यांनी उलगडलेले धातू-ऑक्साइड सांध्याचे कोडे

हिंगोली जिल्ह्यातील शेतांत सौरपंप दिसतात. त्यांच्या पॅनलच्या मागे एक छोटा काळा डबा असतो. पॅनलच्या काही भागावर सावली पडली, तर त्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेण्याचे काम या डब्यातील डायोड करतात. हे डायोड अनेकदा ‘शॉट्की डायोड’ असतात. औंढा नागनाथजवळ होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पातील शास्त्रज्ञांनाही याच शॉट्कींनी उलगडून दाखवलेल्या ‘शॉट नॉइज’शी झुंजावे लागणार आहे. कोण होते हे शॉट्की?

शॉट्की कोण होते?

वॉल्टर शॉट्की यांचा जन्म २३ जुलै १८८६ रोजी झुरिक येथे झाला. वडील गणिताचे प्राध्यापक होते. वॉल्टर यांनी १९१२ मध्ये बर्लिनमध्ये मॅक्स प्लांक यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. पुढे ते सीमेन्स कंपनीत संशोधन करू लागले.

तेव्हा रेडिओच्या व्हॅक्यूम ट्यूबमध्ये खरखर ऐकू येई. प्रवाह अखंड धार नसून एकेका इलेक्ट्रॉनने बनतो, त्यामुळे काही खरखर राहणारच, हे त्यांनी १९१८ मध्ये दाखवले. पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत, तसा हा आवाज. लायगोमध्ये प्रकाशाचे कण असेच एकेक येतात, म्हणून तिथेही हा अडथळा आहे.

कोडे काय होते?

१९२०च्या दशकात तांब्याचा पत्रा तापवून त्यावर ऑक्साइडचा थर चढवलेले रेक्टिफायर बाजारात आले. वीज एका दिशेने सहज जाई, उलट दिशेने अडे. बॅटरी चार्जर त्यावर चालत होते. पण वीज नेमकी कुठे आणि का अडते, याचे समाधानकारक उत्तर नव्हते.

रोस्टॉक विद्यापीठातील प्राध्यापकपद सोडून शॉट्की १९२७ मध्ये सीमेन्समध्ये परतले आणि या प्रश्नामागे लागले. उत्तराला दशकभर लागले.

बांध कसा तयार होतो?

१९३८ मध्ये त्यांनी सिद्धांत मांडला. धातू आणि अर्धवाहक एकमेकांना टेकले की विजेचे काही वाहक एका बाजूकडून दुसरीकडे सरकतात. सांध्यालगत अर्धवाहकाचा एक पातळ पट्टा वाहकांविना रिकामा पडतो आणि तिथे ऊर्जेचा बांध उभा राहतो. ज्याच्याकडे पुरेशी ऊर्जा, तोच बांध ओलांडतो. एका दिशेने व्होल्टेज दिले की अर्धवाहकाच्या बाजूने हा बांध ठेंगणा होतो, उलट दिले की उंच. ब्रिटनमध्ये नेव्हिल मॉट यांनीही त्याच सुमारास या कोड्याचे उत्तर मांडले होते.

पुढे काय झाले?

दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्ब पडू लागले. १९४३ मध्ये शॉट्की प्रेट्झफेल्ड या छोट्या गावी गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. १९५६ चे नोबेल ट्रान्झिस्टरच्या तीन संशोधकांना मिळाले. शॉट्कींना नोबेल कधीच मिळाले नाही. ४ मार्च १९७६ रोजी वयाच्या ८९व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अभिक्रियेतून वीज कशी मिळते?

वाहनाच्या सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर विषारी कार्बन मोनॉक्साइडचा ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड बनतो. यातून निघणारी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. मात्र तिचा काही भाग आधी धातूतील इलेक्ट्रॉनना मिळतो. हे ‘तप्त’ इलेक्ट्रॉन क्षणार्धात थंड होतात. थंड होण्याआधी त्यांना पकडायचे कसे?

कॅलिफोर्नियातील बर्कले येथे गॅबर सोमोरजाई यांच्या गटाने २००५ मध्ये यासाठी शॉट्कींचाच बांध वापरला. टायटॅनियम डायऑक्साइडवर त्यांनी काही नॅनोमीटर जाडीचा प्लॅटिनमचा थर दिला आणि त्यावर हीच अभिक्रिया घडवली. थर इतका पातळ की तप्त इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावण्याआधी सांध्यापर्यंत पोहोचतात, बांध ओलांडतात आणि ऑक्साइडमध्ये शिरतात. बाहेरून व्होल्टेज न देताही प्रवाह मोजता आला. तापलेल्या सांध्यातून उष्णतेमुळेही थोडा प्रवाह येतो, तो हिशेबातून वेगळा काढावा लागतो.

मग यावर पंप चालेल का?

नाही. हा प्रवाह अतिशय क्षीण आहे. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे : पृष्ठभागावर अभिक्रिया किती वेगाने चालली आहे, हे विजेच्या मापातून कळते. खत कारखान्यापासून वाहनांच्या धुरापर्यंत सगळीकडे उत्प्रेरक लागतात. ते अधिक चांगले बनवायचे, तर अभिक्रियेतली ऊर्जा नेमकी कुठे जाते हे आधी समजायला हवे. एका चार्जरमधील तांब्याच्या पत्र्यावरून सुरू झालेला शॉट्कींचा शोध त्यासाठी आज मोजपट्टी ठरतो आहे.