बाहेर ४५ डिग्री, अंगात १०२ ताप : हा डबल हिशोब ज्याच्यामुळे सुरू झाला त्या फॅरनहाइटची गोष्ट

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ वर गेला की पेपरात हेडलाईन येते. त्याच दिवशी घरातलं पोरगं आजारी पडलं तर आई काखेत थर्मामीटर लावते आणि सांगते, १०२ आहे. बाहेरचं ऊन सेल्सिअसमध्ये आणि अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये. आपल्याला त्यात काही विचित्रही वाटत नाही.

शाळेत सूत्र पाठ केलेलं असतं. सेल्सिअसच्या आकड्याला ९ ने गुणा, ५ ने भागा आणि ३२ मिळवा. पण हे ३२ आलं कुठून? बर्फ वितळतो तिथं सरळ शून्य का नाही धरलं?

या ३२ च्या मागे एका अनाथ पोराची गोष्ट आहे.

डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट जन्मला २४ मे १६८६ ला, डान्झिगमध्ये. आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क ते हेच. घरचे जर्मन भाषिक व्यापारी, खाऊनपिऊन सुखी. पण १४ ऑगस्ट १७०१ ला त्याचे आई-वडील दोघंही एकाच दिवशी गेले. कारण काय, तर विषारी अळंबी खाण्यात आली होती. डॅनियल तेव्हा १५ वर्षांचा, भावंडांत थोरला.

पालक म्हणून नेमलेल्या मंडळींनी ठरवलं की याला व्यापारात घालायचं. रवानगी झाली अ‍ॅमस्टरडॅमला, जमाखर्च शिकायला. पोराचं मन मात्र लागलं काचेच्या नळ्यांत. थर्मामीटर, बॅरोमीटर बनवणं हे त्या काळी नवं खूळ होतं आणि हा त्या खुळात आकंठ बुडाला. व्यापार बाजूला पडला, डोक्यावर देणी झाली. शेवटी पालकांनी त्याला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरून पूर्वेकडे पाठवून देण्याचा हुकूमच मिळवला. म्हणजे वाया गेलेल्या पोराला तिकडे धाडायचं, की इकडचा त्रास संपला.

तो काही त्यांच्या हाती लागला नाही. गावोगाव फिरत राहिला, शिकत राहिला.

तो नेमकं कशाच्या मागे होता, हे समजलं पाहिजे. थर्मामीटरचा शोध त्याने लावला नाही. ते आधीपासून होते. अडचण अशी होती की कुठलेच दोन थर्मामीटर एकमेकांशी जुळायचे नाहीत. ज्याने बनवला त्याची पट्टी वेगळी, नळी वेगळी, आकडे वेगळे. एका गावच्या माणसाने आज १२ अंश थंडी आहे असं लिहिलं, तर दुसऱ्या गावच्या माणसाला त्यातून काहीच कळायचं नाही. फॅरनहाइटला हेच सोडवायचं होतं.

१७०८ मध्ये तो कोपनहेगनला ओले रोमर यांच्याकडे पोचला. प्रकाशालाही प्रवासाला वेळ लागतो हे पहिल्यांदा दाखवणारे खगोलशास्त्रज्ञ ते हेच. त्यांच्या पट्टीवर बर्फाचं पाणी साडेसात अंशांवर आणि अंगाची ऊब साडेबावीस अंशांवर होती. शून्य त्याच्याही खाली, म्हणजे डेन्मार्कच्या थंडीत सारखे उणे आकडे लिहायला नकोत.

फॅरनहाइटला ते साडेसात-साडेबावीस फार कटकटीचे वाटले. त्याने सगळ्याला ४ ने गुणलं. झाले ३० आणि ९०. पुढे त्यात बदल करून ३२ आणि ९६ केले. यातली गंमत पाहा. ३२ पासून ९६ पर्यंत ६४ घरं होतात. ६४ चे निम्मे ३२, त्याचे १६, मग ८, ४, २, १. म्हणजे काचेवर खुणा करताना अंतर फक्त अर्धं अर्धं करत जायचं. कारागिराच्या हाताला सोपं. ३२ आपल्याला आज वेडगळ वाटतो, पण तो हाताने नळी आखणाऱ्या माणसाचा आकडा आहे. त्याच्या पट्टीवरचं शून्य होतं बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचं.

१७१४ मध्ये त्याने दोन थर्मामीटर बनवून ख्रिश्चन वुल्फ या प्राध्यापकाला दिले. दोन्ही जवळजवळ एकच आकडा दाखवायचे. वुल्फ इतका थक्क झाला की त्याने त्यावर लेखच छापला. आज दोन थर्मामीटर जुळले तर बातमी होईल का?

या दोन्ही नळ्यांत अल्कोहोल होतं. पण अल्कोहोल पाण्याच्या आधीच उकळतं, म्हणून मग तो पाऱ्याकडे वळला. पारा मळका असला की काचेला चिकटतो, म्हणून तो स्वच्छ करायची रीत त्याने बसवली. १७१७ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅमला दुकान थाटलं आणि ती कृती बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. धंदाच तो! १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला फेलो केलं, तेव्हा कुठे त्याने सगळं लिहून काढलं.

पैसा मात्र टिकला नाही. १६ सप्टेंबर १७३६ ला तो हेगमध्ये वारला. वय ५०, लग्न नाही. अंत्यविधी गरिबांच्या दर्जाचा झाला.

६ वर्षांनी स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने १०० अंशांची पट्टी मांडली. तीही आधी उलटी होती, पाणी उकळतं तिथं शून्य आणि गोठतं तिथं १००! ती सुलटी झाली त्याच्या मागे.

आता सूत्र नुसतं पाठ करायची गरज नाही. पाणी ३२ ला गोठतं, २१२ ला उकळतं, मधे १८० घरं. सेल्सिअसची तीच १००. म्हणजे सेल्सिअसचे १० अंश वाढले की फॅरनहाइटचे १८ वाढतात. १० म्हणजे ५०, २० म्हणजे ६८, ३० म्हणजे ८६, ४० म्हणजे १०४. अमेरिकेतल्या भावाने ९५ डिग्री उकडतंय असं सांगितलं तर घाबरू नका, ते आपले ३५. घाईत असाल तर ३० वजा करून निम्मे करा, अंदाज येतो. उणे ४० ला दोन्ही पट्ट्यांवर एकच आकडा असतो.

एक चूक मात्र सर्रास होते. फरक बदलताना ३२ मिळवायचे नसतात. पृथ्वी दीड अंश सेल्सिअसने तापली म्हणजे २.७ फॅरनहाइटने, ३४.७ ने नव्हे.

भारतात ही पट्टी आली इंग्रजांबरोबर. स्वातंत्र्यानंतर दशमान पद्धत आली, हवामानाचे आकडे सेल्सिअसमध्ये गेले, पण डॉक्टरचा थर्मामीटर तिथेच राहिला. त्यावरचा नॉर्मलचा ९८.६ हा आकडा फॅरनहाइटचा नाहीच. १८६८ मध्ये वुंडरलिश या जर्मन डॉक्टरने हजारो रुग्णांचं तापमान मोजून सरासरी मांडली ३७ सेल्सिअस. ३७ हा गोळाबेरीज आकडा. कुणीतरी त्याला ९ ने गुणलं, ५ ने भागलं, ३२ मिळवले आणि उत्तर आलं ९८.६. तो दशांश अचूक मोजमापातून आलेला नाही, नुसत्या गुणाकार-भागाकारातून आलाय. निरोगी माणसाचं अंग दिवसभरात साधारण एक अंश खालीवर होतंच, त्यामुळे संध्याकाळी काटा ९९ वर दिसला तर लगेच पोराची शाळा बुडवायचं कारण नाही.